हळद राह्यली, शाल गेली

श्री. रामधनभाऊ यांसी मालेगावहून शालिकरामचा रामराम. तुमचा गुडघा आता कसा आहे? इकडं सारे मजेत. वांगी झाडाले लदली आहेत, अन् तुमची बहीण सीताबाई माह्यासंग बोलते, पण भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढंच. फोन तुमी उचलत नाई, म्हणून पत्र.

आमच्या आदर्शच्या लग्नात हळदीच्या दिवशी मी तुमाले हळद फासली, त्यात माहं काय चुकलं थे मले अजून समजलं नाई. नवरदेवाच्या मामाले कोरडं सोडलं असतं तं लोक काय म्हणले असते? पण तुमच्या खांद्यावर सासरेबुवांची पांढरी लोकरीची शाल होती (थंडी नव्हती, तरी होती). तुमी थे माह्या अंगावर फेकली अन् म्हणाले, डाग गेल्याबिगर तुमच्या दारात पाय ठेवणार नाई. तवापासून राखी गेली, भाऊबीज गेली. सीताबाई ओवाळणीचं ताट काढते अन् परत फळीवर ठेवून देते.

म्हणून मी डागाच्या मागं लागलो. साबण लावला तं हळद लालभडक झाली. मग समीक्षानं (आमची पोट्टी वाशीमले कॉलेजात रसायन शिकते) सांगतलं, का महागाच्या पावडरीत एन्झाइम असते, थे रक्ताचे, वरणाचे डाग कुरतडून काढते. पुढं पोट्टी आणखी काही सांगून राह्यली होती, पण मले तेवढं पुरलं. पावडर आणली, शाल भिजवली. पाणी विरजणाच्या दुधासारखं जपलं. थंडावलं का पुन्हा कोमट. एका दिवसात भागलं नाई म्हणून दुसराही दिवस ठेवली.

काढली तं हळद जशीच्या तशी, अन् शालीची नुसती जाळी झालेली. काकडीच्या मांडवाले बांधता आली असती.

तवा समीक्षानं राह्यलेलं सांगतलं. एन्झाइमच्या अंगाले एक खाच असते, पान्याच्या तोंडासारखी. तेराचा पाना दहाच्या नटाले धरत नाई, तसं ज्याचा आकार त्या खाचेत बसते त्यालेच थे धरते अन् तोडते. हे एन्झाइम प्रथिनं तोडणारं. हळदीचा रंग काही प्रथिन नाई, तो खाचेत बसतच नाई. लोकर मात्र सारी प्रथिनाची. म्हणजे ज्याले मी डाग खायले बसवलं, त्यानं डागाले ओळखही दाखवली नाई, सासरेबुवांच्या शालीले मात्र बरोबर ओळखलं. पाणी उकळतं असतं तं खाचेचा आकारच मोडला असता (शाल आटली असती, पण राह्यली असती). माह्या जपण्यानंच घात केला. पुडीवर 'लोकर, रेशीम भिजवू नये' असं लिहिलं होतं म्हणे. एवढं बारीक कोण वाचते, बाप्पा?

भाऊ, मले खरंच लय वाईट वाटते. सासरेबुवा पहिल्यांदा मले पाह्यले आले तवा थेच शाल त्यांच्या अंगावर होती.

तुमचा,
शालिकराम

ता. क. डाग गेल्यावर येईन म्हणाले होते तुमी. तो जात नाई, हे आता शास्त्रानं ठरलं आहे. तवा थे अट सोडा.

आणखी एक. आदर्शले मुलगी झाली. शालीचा एकच तुकडा धड उरला, तो नेमका हळदीचा. सीताबाईनं त्याचं टोपडं शिवलं. रविवारी बारसं आहे. टोपडं पोरीच्या डोक्यावर तुमच्याच हातानं घालायचं, नाई तं कोणीच नाई, असं तुमची बहीण म्हणते.

शेवटचं. येतांना पांढरं घालू नका. घरात हळद अजून आहे.