बालाजीची तोफ आणि माझी चौकशी

४ डिसेंबर
आमच्या लेकीसाठी, कोमलसाठी, गोरेगावच्या नानीबाईंच्या पोराचं स्थळ आलं. बालाजी. नेव्हीत आहे. माणसं बोलायला गोड. तिथंच मला शंका आली. बारीक चौकशी केल्याशिवाय होकार न्हाई. मला आजवर कोणी फसवलेलं नाही.

६ डिसेंबर
बालाजीला फोनवर विचारलं, काम काय करता. म्हणाला, जहाजावरची सहा नळ्यांची तोफ सांभाळतो. शत्रूचं क्षेपणास्त्र अगदी जवळ आलं की रडार बघतं, तोफ आपोआप वळते, आपोआप उडते. दोन-चार सेकंदांचा खेळ. मी म्हटलं, मग तुमी काय करता? हसला. हसण्यासारखं काय होतं?

७ डिसेंबर
सगळं आपोआप होतं तर सरकार याला पगार काहून देतं? त्यात खरं क्षेपणास्त्र अजून एकदाही आलेलं नाही, हे त्यानंच कबूल केलं. तोफेजवळचा फोटो मागितला, तर परवानगी न्हाई म्हणे. स्वयंपाकी असणार. कोमलचे बाबा म्हणाले, असला तर चांगलंच, लेकीची चुलीपासून सुटका.

९ डिसेंबर, सकाळी
कौल लावला. गणपतीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं, म्हणजे होकार. पण पंखा चालू होता. बंद करून परत लावलं. परत उजवं. ते फूलच जड होतं. उगा देवाला तकलीफ नको. आपणच बघू.

११ डिसेंबर
मंडळी पोरगी बघायला आली. चहाला साखर बेतानं. परीक्षा म्हणून जाम झालेलं शिलाई मशीन बालाजीपुढं ठेवलं. बाह्या सारून त्यानं ते उघडलं, पुसलं, तेल दिलं. चालू झालं. थंडीत ते कधीकधी आपोआप सुटतं.
तेल देता देता म्हणाला, मावशी, तोफ सुरू असली की समोर आलेलं तिला सगळं शत्रूच वाटू शकतं. आपलं हेलिकॉप्टर येत असलं की तिला रोखून धरायचं, ते माणसाचं काम. कोमलचे बाबा म्हणाले, आमच्या घरी तशी एक जागा रिकामी हाय. सगळे हसले. कोमलसुद्धा. काय हसले, मला कळलं न्हाई.
मग मी दारूचं विचारलं. जहाजावर बायका असतात का, तेही. पगाराची स्लिप मागितली. एकदाही अडखळला नाही. उत्तरं पाठ करून आला होता.

१२ डिसेंबर
शेजारचे मोहनसिंग फौजेतून रिटायर. त्यांना विचारलं. म्हणाले, भाभी, पोरगं बराबर सांगून राहिलं, अशी तोफ असते. दोघांचं आधी बोलणं झालेलं दिसतं.

१४ डिसेंबर
पोरगा तसा वाईट नाही. पण लगेच हो म्हटलं तर किंमत राहत नाही. ताटकळू दे. चार वेळा विचारतील, मग बघू. स्थळ आणणाऱ्या सखुबाईला सांगून ठेवलं, आमी विचार करून राहिलो.

१८ डिसेंबर, संध्याकाळी
नानीबाईंचा फोन. कोमल पसंत होती म्हणाल्या. पण बालाजी म्हणतो, त्या घरात जायला भीती वाटते.
कोमलला बजावलं, गल्लीत कोणी विचारलं तर सांगायचं, नकार आमीच दिला. ती म्हणाली, आता विचारायला कोण येऊन राहिलं? आत जाऊन कडी लावली. मी बाहेरून म्हटलं, दुसरं चांगलं बघू. मग म्हटलं, जेवून तरी घे.