साखर, आणि ते दुसरं

४ फेब्रुवारी
ह्यांची पँट आज सुतळीने बांधली. पट्ट्याला भोक पाडायला जागाच उरली नाही. "हँगरला अडकवल्यासारखी दिसते," म्हणाले आणि स्वतःच हसले. मला हसू आलं नाही. रडूही नाही. हल्ली काहीच येत नाही.

७ फेब्रुवारी
पंखे दुरुस्त करताना ह्यांना बारीक तार दिसत नाही. म्हटलं, नवा चष्मा करू. "आता कशाला?" संध्याकाळी बघते तर पक्कड, टेस्टर, सगळी हत्यारं शेजारच्या दुकानदाराला देऊन मोकळे! गोळ्या लागू पडेनाशा झाल्यात, असं ह्यांनी ठरवूनच टाकलंय. त्याच गोळ्या मीही घेते. मला कशा लागू पडतात? — विचारलं नाही.

१२ फेब्रुवारी
ह्यांचे थोरले भाऊ, दादा, येऊन गेले. "किती वाळलास रे! डॉक्टर बदल." एचआयव्हीचं त्यांना ठाऊक नाही. कुणालाच नाही. "पोटाचं आहे," मी म्हटलं. सवयीने येतं तोंडात.

१९ फेब्रुवारी
दोघांच्या गोळ्या आणायला एकटीच गेले. हे येत नाहीत आता. सरकारी दवाखान्यातल्या आमच्या त्या खोलीत सिस्टरच्या टेबलावर साखर तपासायचं मशीन आलंय. आधी त्यासाठी पलीकडच्या इमारतीत जा, पुन्हा रांगेत उभं राहा, पुन्हा चारचौघांत 'कुठल्या गोळ्या चालू आहेत?' — कोण जाणार!
सिस्टरनी बोट टोचलं. "तहान फार लागते? रात्री सारखं उठावं लागतं? अंधूक दिसतं?"
"मला नाही."
"मग कुणाला?"
सांगितलं सगळं.
"उद्याच आणा त्यांना. उचलून आणा हवं तर!"
माझी साखर ठीक निघाली.

२० फेब्रुवारी
नाही म्हणाले. "एक आहे तेवढं पुरे."

२१ फेब्रुवारी
रिक्षाच दारात आणून उभी केली. म्हटलं, "तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाते. आणि परत येत नाही." आवाजही चढला नाही माझा. त्यांनी मुकाट्याने चपला घातल्या.
मशीनवर ४१८! सिस्टरनी पुन्हा टोचलं. तेच. मग ह्यांचा मागचा रक्ताचा रिपोर्ट काढून म्हणाल्या, "व्हायरस पुरता दबलेला आहे तुमचा. गोळ्या चोख काम करताहेत. हे खंगणं साखरेचं."
"म्हणजे मी त्याने मरत नाहीये?"
"ह्यानेही मरायचं नाही. दोन्हींची औषधं इथेच मिळतील, ह्याच खोलीत."
डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन सुरू केलं. हे ढसाढसा रडले. मी वर खडखडणाऱ्या पंख्याकडे बघत बसले. रडता रडता म्हणाले, "बेअरिंग गेलंय त्याचं."

२ मार्च
"मला साखर झालीये!" — सगळ्या बिल्डिंगभर सांगत सुटलेत. जशी काही नोकरीच लागली! लोक हळहळतात, उपाय सुचवतात. आजारपण असं उघड्यावर मिरवता येतं, हे विसरलेच होते मी. हत्यारं परत आणली. मी मात्र तशीच. लाकडासारखी.

९ मार्च
दादा आले. चहा घेता घेता म्हणाले, "साखरेची औषधं कुठून आणतोस?" ह्यांनी सरळ सांगून टाकलं. कुठून ते. मग ते दुसरंही. दोघांचंही! दादा कपात बघत राहिले. मग तोच कप माझ्यापुढे धरला — "घाल अजून अर्धा."
चहा सगळा बशीत सांडला. मला हसू आलं. मग रडूही.