पाखऱ्या बैलाचा दावा

५ जानेवारी १९५५
कामठ्याचा लहानू सकाळीच हजर. माझा पहिला स्वतंत्र दावा, म्हणून सबुरीनं घेतो. भानगड साधी. नागऱ्याच्या डोमाजीनं, म्हणजे याच्या सख्ख्या साडूनं, पाखऱ्या बैल याला विकायचं कबूल केलं. इसार म्हणून याची दुभती गाय नेली. मग पाखऱ्या लहानूच्या चांद्या बैलाशी जुपला, शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, असा काही धावला की डोमाजीची नियतच फिरली. बैल देत नाही. गाईचं दूध मात्र पितोय.
पुन्हा समजावलं, बैलाच्या व्यवहारात कोर्ट सहसा भरपाई देतं, बैल नाही. ल. म्हणाला, "पैसे कायले जी? पैसे का छकड्याले जुपू?"
तो गेल्यावर कपाटातून कायद्याची पुस्तकं काढली.

८ जाने.
पुस्तकं चाळली. वाट आहे! तशी दुसरी वस्तू मिळतच नसेल, पैशानं नुकसान भरून निघत नसेल, तर ठरलेला व्यवहार पुरा करून द्या असा हुकूम होऊ शकतो. म्हणजे पाखऱ्यासारखा दुसरा नाही हे शाबीत करायचं. कसं? बैल थोडाच साक्ष देणार. यमू म्हणाली, "तुमच्या लहानूपेक्षा बरी देईल." बायकोपुढे वकिली चालत नाही.

१५ जाने.
घात झाला. काल नागऱ्याच्या पटात चांद्या-पाखऱ्याची जोडी धावली. पहिली आली. हाकायला लहानू, कडेनं ओरडायला डोमाजी, नंतर दोघे एका पंगतीत. बातमी दिली समोरच्या वकिलांनी, वर चहा पाजून. "वकीलसाब, जोडी तो दौड़ रही है. नुकसान किस बात का?"
ल.ला झापलं. ज्या बैलासाठी भांडतोस तोच मजेत जुपतोस? तो शांत. "केस कोर्टात चालून राहिली जी. पट गावात. माणसाच्या भांडणात बैलानं काऊन घरी बसावं?"

२ फेब्रु.
साक्षी. ल.ला उलटतपासणीत पटाबद्दल विचारलं, त्यानं मला दिलेलंच उत्तर कोर्टाला दिलं. जज्जसाहेबांनी तोंडाला रुमाल लावला.
मग डोमाजी. असे बैल बाजारात पुष्कळ मिळतात, असं पढवून आणलेला. म्हणालाही तसंच. मी सहज विचारलं, पाखऱ्या तसा मध्यमच म्हणायचा ना?
बस. छाती फुगली. "मध्यम? असा बैल अख्ख्या मुलखात नाई जी. आन् चांद्याबिगर तं तो पाऊलबी टाकत नाई. धुंडा बाजारात. भेटला तं मिशी काढून देतो."
शपथेवर! त्याचे वकील डोकं धरून बसले. आपल्या बैलाला कुणी मध्यम म्हटलेलं बैलवाल्याला सोसत नाही, एवढ्यावरच माझी मदार होती. घरी जिलेबी नेली. यमूनं आज टोमणा मारला नाही.

१९ फेब्रु.
युक्तिवाद संपले. समोरच्यांनी शेवटी नवाच सूर लावला, जोडी फुटू नये तर चांद्याच डोमाजीला द्या. जज्जसाहेब म्हणाले, तसा करार कुठं आहे? मला गुदगुल्या. निकाल ५ मार्चला.

४ मार्च
संध्याकाळी ल. आला. चेहरा उतरलेला. वाटलं, हरण्याची धाकधूक.
"जिंकलो तं पाखऱ्या माह्या दावणीले येईल ना जी?"
येईल म्हटलं.
"मंग डोमाजी पटाले येईल का?"
दाव्यात बैल मागता येतो, बैल नाही तर भरपाई. साडू मागता येत नाही. हसू आलं, आणि वाईटही वाटलं. विचारलं, मग दावा मागे घ्यायचा?
"नाई नाई. पाखऱ्या तं पायजेच."
उद्या दोघे एकाच छकड्यातून यायचे आहेत, चांद्या-पाखऱ्याला जुपून. कोर्टात जायला दोन गाड्या कशाला, असं डोमाजीचं म्हणणं. कुठं भेटायचं, शिदोरी कुणी आणायची, सगळं ठरलंय. निकालानंतर परत जाताना जोडी कुणाच्या दारात सोडायची, त्यावर दोघांपैकी कुणी बोललेलं नाही.