पुढच्या गडग्यावरची गादी

मी, मालिनी विश्वनाथ खांबेटे, वय चौऱ्याहत्तर, राहणार खालची आळी, रत्नागिरी, लिहून ठेवते की माझे पाय गेले असले तरी डोके जागेवर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. या घरात धाक मीच घालत आले. माझ्यामागे जे राहील त्याची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

कलम १. पाटल्या आणि बोरमाळ सून हेमा हिला. ती त्या मोडून फोमची गादी घेणार, मला ठाऊक आहे. घ्यावी. चार वर्षांत मध्ये खड्डा पडेल.

कलम २. माझी निळ्या पट्ट्यांची कापसाची गादी. माहेरहून आलेली, अजून धड आहे, कारण मी ती जपली. दर पंधरवड्याला उलटावी. ऊन चढल्यावर बाहेर घालावी, दंव पडायच्या आत घरात घ्यावी. शिवणीत निरगुडीचा पाला ठेवावा, ढेकूण होत नाहीत. पावसाळ्यात भिंतीला टेकवू नये, बुरशी धरते. दोन-तीन वर्षांनी कापूस पिंजून घ्यावा, कापड मात्र तेच ठेवावे. पिंजारी दर वेळी विचारी, "बाई, डाग आहे, नवीन कापड घालू का?" मी नको म्हणे. डाग माझ्या मुलाचा, हरिहरचा आहे. चांगला दहा वर्षांचा होईतो तो रात्री गादी ओली करी. मी ती त्याच्याच डोक्यावर देऊन, अंगणापुढच्या चिऱ्यांच्या गडग्यावर, डाग रस्त्याकडे करून वाळत घालायला लावी आणि शाळेची पोरे जाईपर्यंत त्याला शेजारी उभा करी. सवय सुटली. औषध लागले नाही.

गादीवर माणूस गेले की गादी टाकावी लागते. म्हणून ह्यांना मी वेळेत जमिनीवर घेतले. जाऊबाई म्हणाल्या, "मालिनी, अगं शुद्धीत आहेत अजून ते." मी म्हटले, असू देत. माझ्या वेळीही कोणी रेंगाळू नये.

कलम ३. गादी झोडायची वेताची छडी हरिहरला. तिची त्याला ओळख आहे.

कलम ४. घर, अंगण आणि मागच्या पोफळी हरिहरला, एका अटीवर. पावसाळा सोडून दर महिन्याला त्याने स्वतः, बायको किंवा गडी न लावता, ही गादी पुढच्या गडग्यावर घालावी, आपला डाग रस्त्याकडे करून. समोरच्या गंगुबाईंनी लक्ष ठेवावे. नाहीतरी त्या दिवसभर आमच्याच अंगणात बघत असतात. एकदा जरी चुकला तर घर विकून पैसे देवळाला द्यावेत. वकील म्हणाले, "ही अट कोर्टात टिकायची नाही." मी विचारले, अटीचे कारण हरिहर कोर्टात उभा राहून सांगेल का? वकिलांनी अट राहू दिली.

कलम ५. लिहिणारा म्हणतो, हे कलम नको. मी म्हणते, लिही. श्रावणापासून मलाही रात्री कळत नाही. हरिहर सकाळी उठून मला पुसतो, लुगडे बदलतो आणि गादी मागीलदारी केळींच्या आड वाळत घालतो, कोणाला दिसू नये म्हणून. तोंडातून अक्षर काढत नाही. एखादा शब्द टाकून बोलला असता तर मला झोप लागली असती. मागीलदारी ऊन पुरत नाही, कापूस कुजतो, हे किती वेळा सांगितले. मी अंथरुणाला खिळल्यापासून गादी उलटलेली नाही, त्यामुळे माझे डाग दुसऱ्या बाजूला आहेत. सबब कलम २ मधली उलटण्याची सूचना रद्द समजावी. गडग्यावर हरिहरची बाजू रस्त्याकडे राहील, माझी घराकडे. माझ्यामागे ती गादी कोणीही उलटू नये.

वरील मजकूर मी सांगितला, वाचून घेतला, बरोबर आहे. पाचव्या कलमात अक्षर हलले आहे, ती खाडाखोड समजू नये.

सही: मालिनी विश्वनाथ खांबेटे

साक्षीदार:
१. चिंतामणी जोगळेकर, वकील
२. गंगुबाई शेट्ये, शेजारीण

रत्नागिरी, १४ डिसेंबर १९८६

लिहिणारा: हरिहर विश्वनाथ खांबेटे, मुलगा