तबकडी माझ्याकडे, यंत्र तुझ्याकडे

चिरंजीव धाकट्यास थोरल्याचा आशीर्वाद.

तुझा गुडघा बरा असल्याचं कळलं, पण त्यावर विसंबू नकोस. बरा झालेला गुडघाच ऐन जिन्यात दगा देतो. माझी तब्येत ठीक आहे, म्हणजे डॉक्टर तसं म्हणतात (तरुण आहेत, त्यांना अजून वाईट बोलायची सवय नाही). मला काहीही नको आहे. सहज लिहितो आहे.

तुझ्या वहिनीला जाऊन वर्ष झालं, म्हणून तिचं कपाट आवरायला काढलं. चादरींच्या तळाशी आपली ती इंग्रजी गाण्यांची तबकडी निघाली. ती रे, पाकिटावर चार दाढीवाले कुंपणावर बसलेले आणि खाली कुत्रा, सत्तरच्या दशकातली. त्या काळी तिला कुणी विचारत नव्हतं, म्हणून तर वडिलांनी जुनं वाजवायचं यंत्र घेतलं तेव्हा दुकानदाराने त्यावर ती फुकट दिली. दुसरी आपण कधी घेतलीच नाही (एक आहे की, म्हणायचे वडील). पुढे वेगळे झालो तेव्हा भांडण नको म्हणून आईने वाटणी केली: यंत्र तुला, तबकडी मला. दोघांची तोंडं बंद झाली, आणि गाणंही.

सूनबाई तबकडी पाहून हरखली. म्हणाली, याला सॉफ्ट रॉक म्हणतात, आता लोक असल्या विसरलेल्या तबकड्या हुडकत फिरतात. दुसऱ्याच दिवशी नवं यंत्र घेऊन आली. पोरगी मनाची फार चांगली आहे, आणि तीच अडचण आहे. तिने सुई टेकवली आणि आत कुणी आजारी माणूस बसलाय असं वाटलं. आपली ती लगबगीने गाणारी बाई कुठेच नाही. तिच्या जागी जाड आवाजाचा एक पुरुष, प्रत्येक शब्द उचलून खाली ठेवल्यासारखा गात होता. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. तिने समजावलं की बिघडलेलं आपलं होतं. त्याचा खटका जलद वेगावर अडकलेला असणार, आणि दुसरी तबकडीच नसल्यामुळे कुणाला कळलं नाही. इतकी वर्षं जिच्या गळ्याचं कौतुक केलं ती बाई त्या चौघांतलाच एक दाढीवाला निघाली. (वडील तर तिचं लग्न जमलं असेल का म्हणून काळजी करायचे.)

हसू नकोस. तुझी वहिनी नवी आली तेव्हा त्या गाण्यांवर केर काढायची. पहिली बाजू संपायला आणि केर उंबऱ्याबाहेर जायला एकच गाठ. यंत्र गेल्यावरही ती तसंच भरभर गुणगुणायची, शेवटपर्यंत. परवा घरात कुणी नसताना मीही तसा केर काढून पाहिला. सगळ्या खोल्या झाल्या, झाडू जागेवर गेला, कंबर धरली, तरी तो गृहस्थ रेंगाळलेलाच. सूनबाईने अर्थही सांगितला: कुणीतरी घर सोडून गेलंय आणि तो दिवा लावून बसलाय. तेवढं कळायला मला इंग्रजी लागलं नसतं.

रोज संध्याकाळी ती हौसेने लावते. "बाबा, आता कुठे तुम्ही खरं गाणं ऐकताय." मी मान डोलावतो. तिचं मन कसं मोडू? पण हल्ली गुणगुणायला गेलो की हीच संथ चाल तोंडात येते. तुझ्या वहिनीची चाल पुसत चालली आहे, आणि ती आता दुसऱ्या कुणाकडे नाही.

असो. माझी काळजी करू नकोस, ती मी करतोच आहे.

तुझा थोरला

ता.क. तुझ्या माळ्यावर ते यंत्र अजून आहे का? सहज विचारतो.

ता.क. दुसरं: असलं तर पार्सलने पाठवू नकोस, मांडीवर घेऊन ये. सूनबाईला सांगू की माझी तब्येत बघायला आलास. माझ्याकडे बघून तिला पटेल.

ता.क. शेवटचं: तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, येण्याआधी ते दुरुस्त करून आणशील. खटक्याला हात लावू नकोस.