आकसण्यासाठी ठेवलेली जागा

६ डिसेंबर २००९, रविवार

नाना,

फार वर्षांनी लिहिते आहे, रागावू नका. तुम्ही गेलात त्या वर्षी एकदोनदा बसले होते लिहायला, पण वाक्यं फार शहाणी व्हायला लागली म्हणून पानं फाडून टाकली. आज निमित्त साधं आहे. गिटारच्या किमती पुन्हा वाढल्यात, आणि त्या वाढाव्यात इतकं त्या गिटारींत खरंच काही आहे का, हे मला तुमच्याशिवाय कुणाला विचारावंसं वाटेना.

नात तुमची अकरावीला आहे. गॅदरिंगला तिला इलेक्ट्रिक गिटार वाजवायची आहे. काल आम्ही कॉलेज रोडच्या एका दुकानात गेलो. मी मात्र अर्धा वेळ शालिमारजवळच्या त्या जुन्या दुकानातच होते, जिथे मी एकवीस वर्षांची आहे आणि तुम्ही कंपनीचा निळा शर्ट घालून, काउंटरवर आडवी ठेवलेली लाल गिटार न्याहाळता आहात. तुम्ही तिच्या दांडीवरून अंगठा फिरवता, मागची बाजू उलटून बघता आणि विचारता, "किंमत कशाची सांगता, लाकडाची का रंगाची?" दुकानदार हसतो. "नाना, आज घ्या. पुढच्या महिन्यात वाढणार आहे." "का हो? पुढच्या महिन्यात लाकूड जास्त वाळणार आहे का?" बाहेर आल्यावर तुम्ही स्कूटरला किक मारता मारता म्हणालात, "दांडी, तिच्यावरच्या पट्ट्या, तारा, चुंबक. एवढंच तर आहे. मी करून देतो." मला तेव्हा ती लालच हवी होती. पण तुमच्या आवाजात असं काही होतं की मी हट्ट सोडून मागे बसले.

तुमच्या सातपूरच्या कंपनीतला पॅटर्न शॉप मला अजून स्वप्नात दिसतो. स्वप्नात तिथे माणसं नसतात. नुसता सागवानाचा भुसा उन्हात तरंगत असतो आणि शेल्फांवर पंपांचे, चाकांचे, कसल्या कसल्या झाकणांचे लाकडी नमुने झोपलेले असतात. लहानपणी तुम्ही मला तिथेच सांगितलं होतं, की या लाकडी नमुन्याचा वाळूत ठसा घेतात, त्या ठशात वितळलेलं लोखंड ओततात, आणि लोखंड थंड झालं की अंग चोरतं. म्हणून नमुना जरासा मोठा करायचा. त्यासाठी तुमच्याकडे वेगळी पोलादी पट्टी होती, जिच्यावरचा प्रत्येक सेंटीमीटर खऱ्यापेक्षा केसभर लांब होता. हिशेब करायचा नाही, त्या पट्टीनं मोजायचं, वाढ आपोआप येते. मला ती पट्टी फार उदार वाटायची. घरातही तुमचं तेच. माझे फ्रॉक एक माप मोठे, चपला एक माप मोठ्या, पाहुणे चार तर भाकरी सहाजणांच्या.

गल्लीतल्या ऑर्केस्ट्रावाल्याची गिटार तुम्ही एका रविवारी मागून आणलीत आणि तिची सगळी मापं कागदावर उतरवलीत. दांडी मात्र कंपनीत, ड्यूटी संपल्यावर, तुमच्या बाकावर केलीत. धड घरी, स्वयंपाकघरात, कारण उजेड तिथेच होता. आई पोळ्या लाटते आहे, भुसा कणकेत उडतो आहे. "पाहुण्यांना पोरगी दाखवायची आहे का ऑर्केस्ट्रा?" ती विचारते. तुम्ही तोंडातले स्क्रू न काढता म्हणता, "दोन्ही." आई म्हणते, "मग मांडा एकदा रुखवतात." आणि दोन वर्षांनी तुम्ही खरोखरच मांडलीत, नाना. करंज्यांचं ताट, लोकरीचं तोरण, भांड्यांची उतरंड आणि मधोमध ती गिटार, पॉलिश केलेली, मधासारखी. नवऱ्याकडच्या आत्या हात लावून बघत होत्या. "विजेची म्हणजे हिच्यात दिवे लागतात का हो?"

दिसायला तिच्याइतकी देखणी गिटार मी आजवर पाहिली नाही. पण वाजायची कशी, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ऑर्केस्ट्रावाल्यानं प्रेमानंच सांगितलं होतं, "नाना, खाली गोड बोलते. वर गेली की भांडायला उठते." तुम्ही तारा बदलल्यात, चुंबक वरखाली केलंत, दांडी उन्हात धरून एक डोळा मिटून पाहिलीत. ती सरळच होती. शेवटी तुम्ही म्हणालात, "आपल्याला सुरातलं कळत नाही, बाळा. कान लागतो त्याला." त्यानंतर रेडिओवर गाणं लागलं तरी तुम्ही त्यावर बोलत नसा. आधी बोलायचात. मला किमतीच्या प्रश्नापेक्षा हेच जास्त टोचत राहिलं.

कालच्या दुकानातला पोरगा म्हणाला, "मॅडम, बिल्ड क्वालिटी बघा ना." म्हणून मी बघितली, तुमच्यासारखी, अंगठ्यानं. खरं सांगते, स्वस्तातलीसुद्धा आता छान असते. पट्ट्यांची टोकं बोटाला लागत नाहीत, दांडी मशीनवर कापलेली, सुतासारखी सरळ. आपल्या शालिमारच्या लाल गिटारीपेक्षा नक्कीच बरी. पण महागातली? तेच मॉडेल मागच्या दिवाळीला पाहिलं होतं. तेच लाकूड, तेच स्क्रू, किंमत मात्र चढलेली. "डॉलर वाढला, मॅडम." लाकडाला डॉलरचं काय कळतं, असं तुम्ही विचारलं असतंत. मी डोळे मिटले आणि लेकीला दोन्ही वाजवायला सांगितल्या. मला महाग कुठली ते ओळखता आलं नाही. ती म्हणाली, "आई, वाजवायला हाताला फरक पडतो गं. थोडा." थोडा म्हणजे किती, हे तिलाही सांगता येईना. विचार करून सांगतो म्हणून आम्ही परत आलो.

घरी आल्यावर तिनं तुमची गिटार काढली आणि सूर दाखवणारं छोटं यंत्र तिला लावलं. मोकळी तार बरोबर. पुढे दांडीवरच्या प्रत्येक पट्टीला काटा थोडा थोडा चढाच. "चुकतेय, पण बघ, नेमाने चुकतेय," ती म्हणाली. त्या शब्दानं मी उठले. ट्रंकेतून तुमची पोलादी पट्टी काढली, तिच्या कंपासमधल्या पट्टीशेजारी ठेवली. सुरुवातीच्या रेघा जुळल्या, मग हळूहळू एकमेकींपासून सरकत गेल्या. दांडीवरच्या पट्ट्या तुम्ही कंपनीत त्या उदार पट्टीनं आखल्या होत्यात, आणि तारा जिथे टेकतात तो ब्रिज घरी, माझ्या कंपासच्या पट्टीनं. वर्षानुवर्षं हात जिकडे जायचा, तिकडेच गेला. आकसण्यासाठी जागा ठेवलीत, नाना. पण ही गिटार कधी ओतली जाणार नव्हती.

तुमचा कान चांगला होता. एवढंच तुम्हाला सांगायचं होतं, आणि सांगायला तुम्ही नाही.

ब्रिज करंगळीच्या नखाएवढा मागे घेतला की सगळे सूर जागेवर येतील. लेक म्हणते, मग नवी नको, गॅदरिंगला हीच. मी स्वतःला तपासून पाहते आहे: पैसे वाचतात म्हणून तर मला हे सगळं सुंदर वाटत नाही ना? थोडं असेल. शिवाय दुकानवाल्यावर अन्याय नको. तिथल्या गिटारीत मी ज्याला दर्जा म्हणाले तो बहुधा हाच, की कुणीतरी दुसऱ्यांदा मोजलेलं असतं. त्याची किंमत द्यायलाच हवी; तुमच्या गिटारीला तेवढंच कमी पडलं. पण ते दुसऱ्यांदा मोजणं दर दिवाळीला महाग होतं, हे मात्र मला पटत नाही.

एक कबूल करते. दुकानात तिनं नव्या गिटारीवर वरचे सूर वाजवले, यंत्राच्या मते अगदी अचूक, तेव्हा मला ते उतरलेले वाटले. माझा कान तुमच्या पट्टीनं आखलेला आहे. ब्रिज सरकला की घरात ते चढे सूर पुन्हा ऐकू येणार नाहीत, म्हणून आज दुपारी ती झोपल्यावर मी एकदा खालपासून वरपर्यंत सगळे वाजवून घेतले. जुन्या स्क्रूंची भोकं ब्रिजखाली झाकली जातील. ती बुजवणार नाही.

हे पान वहीतच राहील.

उद्या: ब्रिजसाठी लाकडात बसणारे चार स्क्रू आणणे.