खट् वाजायच्या आधी

मामाजी,

काल तुमचं श्राद्ध झालं. तुमची धाकटी सून नागपूरहून आली होती, दरवर्षी येते तशीच. पानं वाढून झाली, पाहुणे गेले, मी ओटा पुसत होते. तिनं मोबाइल मिसळणाच्या डब्याला टेकवला आणि तुमचं ते ऑर्गनवालं इंग्रजी गाणं लावलं. म्हणाली, "ताई, मामाजींच्या आवडीचं." मग तिनं जे सांगितलं त्यानं कालपासून जीव जळून राहिला आहे. कोणाजवळ बोलू? म्हणून तुम्हालाच लिहिते. सासरा असो की देव, भांडायचं तर समोर उभं राहून भांडावं, पण तुम्ही तर गेलात.

नव्याण्णव साली ती लग्न होऊन कुडव्याच्या घरी आली. तोवर समोरच्या खोलीत तुम्ही एकटेच ऐकत बसायचे. खरगपूरला रेल्वेत असताना कोण्या गार्डानं तुम्हाला हा नाद लावला आणि रिटायर होऊन येताना तुम्ही ट्रंकभर कॅसेटी घेऊन आलात. आत्याबाई तुमच्याच बायको, पण म्हणायच्या, "म्हातारा घरात ढोल वाजवून राहिला." मी आमगावची, मॅट्रिक शिकलेली, खंजेरी भजनाच्या घरातली. मला तुम्ही कधी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. धाकटी कॉन्व्हेंटात शिकलेली. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "मामाजी, हा कोणता अल्बम?" झालं. दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीत दोन खुर्च्या. तुम्ही तिला विचारायचे, "कसं वाटलं वो?" आणि ती नखं पाहत सांगायची, "पहिली बाजू भारी आहे, दुसरी उगीच लांबवली." सून अशी सासऱ्यासमोर बोलते आणि सासरा खूश होऊन मांडीवर थाप मारतो! मी दारात चहा घेऊन उभी.

माझं काम दोनच, चहा देणं आणि कॅसेट पलटवणं. मुलांचा हात पुरू नये म्हणून डेक शोकेसवर ठेवलेला, आणि तुमचे गुडघे दुखायचे. बाजू संपली की बटण खट् करून वर यायचं आणि तुमची हाक यायची, "मोठे, बाजू!" धाकटी उठायला लागली तर तुम्ही म्हणायचे, "तू बस न वो, मोठी येऊन राहिली." ती बसायची. मी पदराला हात पुसत यायची, कॅसेट पलटवायची, जायची. पोथी वाचतानाही ते आठवलं की ओळ चुकायची. देव मला माफ करो, तिच्या चहात मी कित्येकदा साखर कमी घातली आहे. हिशोब मीच ठेवायची, साखर वाचली म्हणून मनाची समजूत काढायची.

मामाजी, मला काही समजत नव्हतं असं नाही. भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. ती ढोलवाली कॅसेट, जिच्यात बाकीचे वाजवणारे जणू चहा प्यायला निघून गेले आणि एकटा बडवतच राहिला, तसा एक आमच्या मंडळात होता, त्याला माझे बाबा आरतीच्या वेळी खंजेरी हाती देत नसत. करवतीसारख्या गिटारवालीत सूर बरा होता, पण गाणाऱ्याला कोणाचा तरी राग होता आणि तो राग खोटा होता. ऑर्गनवाली म्हणजे पोथीचं पान हरवलेला गुरुजी, तेच ते, तेच ते. पण बासरीवाली! सुरुवातीला एक लहानशी चाल येते, मग तिला सगळे विसरून जातात, वाजवून वाजवून पार दूर जातात आणि शेवटी दमून तिच्याचकडे परत येतात. भजन धृपदावर येतं तसं. शब्द एक कळत नव्हता. तरी त्या वेळी मी गॅस बंद करायची, भांड्याचा आवाज होऊ द्यायची नाही, भिंतीला टेकून उभी राहायची. खट् वाजलं तरी लगेच बाहेर यायला जमायचं नाही. डोळे पुसून यावं लागायचं.

आता काल धाकटी काय म्हणाली ते ऐका. "ताई, तुम्हाला माहीतच नाही. मामाजी मला उठू द्यायचे नाहीत, कारण त्यांना तुम्हाला पाहायचं असायचं. म्हणायचे, 'पाहून घे, मोठी खट् वाजायच्या आधी आली आणि उभी राहिली म्हणजे कॅसेट चांगली. भजनवाल्याची पोरगी आहे, तिचा कान खोटा बोलत नाही.' ऑर्गनवालीला तुम्ही किती आधी येऊन उभ्या राहायच्या! म्हणून तर रोज दुपारी तीच लावायचे. आणि बासरीवालीला तुम्हाला दोन-दोन हाका माराव्या लागायच्या. शेवटी ती लावणंच सोडलं त्यांनी. म्हणायचे, 'मोठीले नाही आवडत, कायले तिचे कान किटवायचे?'"

मी पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला.

मला आनंद व्हायला पाहिजे होता, झाला नाही. माझ्या कानाची स्तुती तुम्ही केली, तीही तिच्या कानात. पंधरा पावलांवर मी पोळ्या लाटत होते, मला एकदा विचारता आलं नाही? "कसं वाटलं वो?" एवढेच तर शब्द. इतकी वर्षं ते तिच्याजवळ होतं आणि तिनं ते काल, फराळाचं उरलेलं द्यावं तसं मला दिलं.

हा कागद उद्या मी मिसळणाच्या डब्याखाली अंथरीन, तेलाचे डाग तरी पडणार नाहीत. त्याआधी एक सांगते. स्वयंपाकघरात पंखा नको, गॅस जास्त जळतो, असं मीच म्हटलं होतं. ती ऑर्गनवाली तुम्ही उन्हाळ्यात आणली आणि शोकेसच्या शेजारीच कूलर होता. मी आधी येऊन उभी राहायची ती त्या हवेसाठी, मामाजी.

धाकटीनं काल तीच पुन्हा लावली. मी डोळे मिटून मान डोलवली. ती म्हणाली, "बघा, मामाजी बरोबर होते." मी हो म्हटलं. एवढं एक तरी तिला माहीत नको.